टाकीत उतरण्याआधी: बंदिस्त जागेतल्या कामाचा क्रम आणि तो कुठे चुकतो

नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नरच्या बऱ्याच कारखान्यांत आता गॅस डिटेक्टर असतो, ट्रायपॉड (मॅनहोलवर उभी करायची तिपाई) असतो, पर्मिटची, म्हणजे आत उतरायच्या लेखी परवानगीची, छापील पुस्तकंही असतात. तरी चूक होते, आणि बहुतेक वेळा ती सामानाची नसते, क्रमाची असते. हेल्पर आधी उतरतो, ब्लोअर (आत हवा ढकलणारा पंखा) मागून येतो, आणि पर्मिट जेवणाच्या सुट्टीत भरलं जातं. कधी रीडिंग फक्त मॅनहोलच्या तोंडाशी घेतलं जातं. कधी व्हॉल्व्ह बंद केला म्हणून टाकीला येणारी पाइपलाइन तुटली, म्हणजे वेगळी झाली, असं धरलं जातं.

हा लेख सुपरवायझर, ठेकेदार, दिंडोरी भागातल्या वायनरीत टाक्या सांभाळणारे आणि सोसायटीची टाकी धुवायला माणूस लावणारे सेक्रेटरी यांच्यासाठी आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करायचे. मधला एखादा वगळला तर पुढचे सगळे कागदावरच राहतात.

## टप्पा १: ही जागा बंदिस्त आहे का, आणि उतरायलाच हवं का?

माणूस आत मावतो, पण आत-बाहेर करणं अवघड आहे आणि ती रोज बसून काम करायची जागा नाही: एवढं जुळलं की ती जागा बंदिस्त धरा. फर्मेंटेशन टाकी, रिअॅक्टर, बॉयलरचा ड्रम, सायलो, ईटीपीची (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेची) गाळटाकी, प्लेटिंगचा खड्डा, सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी, शेतातली विहीर, सगळ्या यात येतात.

फसवतात त्या वरून उघड्या जागा. डोक्यावर आकाश दिसतं म्हणून कोणी पर्मिट काढत नाही. पण कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो आणि हायड्रोजन सल्फाइडही हवेपेक्षा जड. दोन्ही खड्ड्याच्या तळाशी बसून राहतात. विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून पाहायची पद्धत अजून गावोगाव आहे. ज्योत विझली तर ऑक्सिजन फार कमी आहे एवढं कळतं. ज्योत तेवत राहिली तरी विषारी वायू नाही असा अर्थ होत नाही, आणि आत मिथेन असेल तर तीच ज्योत भडका उडवते. विहिरीच्या टप्प्यावर डिझेल इंजिन ठेवून उपसा चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि कंदिलाला तो कळत नाही.

उतरायचं ठरवण्याआधी बाहेरून काय काय होतं ते बघा. जेटिंग, सक्शन टँकर, लांब दांड्याचं फावडं, टाकीत सोडायचा स्प्रे बॉल (चहूबाजूंनी पाणी उडवणारा गोळा), तपासणीसाठी कॅमेरा. अर्ध्या कामांत आत जायची गरजच उरत नाही.

थांबा: गटार आणि सेप्टिक टँक यांचा नियम वेगळा आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवून ती साफ करून घेण्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा कामात मृत्यू झाला तर ३० लाख रुपये भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. "रात्रीतून उरकून टाकतो, दोन माणसं आहेत माझ्याकडे" असं म्हणणारा भेटला तर त्याला परत पाठवा आणि मशीनची गाडी बोलवा. त्यासाठीची हेल्पलाइन १४४२०.

## टप्पा २: माणसं आधी ठरवा

किमान तीन भूमिका लागतात: आत जाणारा, तोंडाशी उभा राहणारा आणि पर्मिट देणारा. पहिल्या दोघांत अदलाबदल चालेल, पण तोंडाशी उभा राहणाऱ्याला दुसरं एकही काम द्यायचं नाही. पाना आणायला तो जातो, चहा सांगायला तो जातो, ट्रक आला की गेट उघडायलाही तोच जातो. नेमक्या त्या पाच मिनिटांत आतला माणूस गप्प झालेला असतो. या जागी नवखा, "कामाला न येणारा" पोरगा उभा करायची सवय वाईट आहे. इथे शांत डोक्याचा जुना माणूस लागतो, ज्याला मालकाला "नाही" म्हणता येतं.

आत जाणाऱ्याला दमा, फिट येणं, अनियंत्रित रक्तदाब, बंद जागेची भीती यातलं काही आहे का, हे चारचौघांत नाही, बाजूला घेऊन विचारा. रोजंदारी बुडेल म्हणून चारचौघांत कोणी खरं सांगत नाही. आदल्या रात्रीची उतरली नसेल तर त्या दिवशी टाकीत नाही.

दोरीच्या खुणा ठरवा आणि त्या आतल्या माणसाच्या भाषेत समजावून सांगा. अंबडच्या शॉपफ्लोअरवर निम्मे हेल्पर भोजपुरी बोलतात आणि सुपरवायझर मराठीत सूचना देऊन मोकळा होतो. एक ओढ म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोर सैल कर, तीन म्हणजे वर घे. तुमची खूण वेगळी असली तरी चालेल, दोन्ही टोकांना एकच असली म्हणजे झालं.

## टप्पा ३: लाइन तोडा, नुसती बंद करू नका

व्हॉल्व्ह बंद करणं म्हणजे लाइन तोडणं नव्हे. व्हॉल्व्ह गळतो, आणि कोणी तरी तो फिरवतोही. फ्लँज (पाइपचा बोल्टने आवळलेला सांधा) उघडून आंधळी पट्टी (पाइपचं तोंड बंद करणारी भरीव चकती) टाका किंवा पाइपचा मधला तुकडा काढून दोन्ही तोंडं वेगळी करा. टाकीला येणारी प्रत्येक लाइन मोजा आणि एका कागदावर टाकीचं साधं चित्र काढून त्यावर खूण करा: माल, पाणी, वाफ, सीआयपी (टाकी आतून धुवायची लाइन), ड्रेन, व्हेंट (हवा जायची वाट), नायट्रोजन.

नायट्रोजनची लाइन बारीक असते आणि बऱ्याचदा मागच्या बाजूने येते, म्हणून तीच राहून जाते. नायट्रोजनला ना वास, ना रंग, ना खोकला. त्याने ऑक्सिजन हटवला की माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, तो सरळ कोसळतो. स्टेनलेसच्या टाक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डिंगसाठी आत सोडलेला आर्गॉनही तसाच, शिवाय हवेपेक्षा जड.

ड्रेनही विसरू नका. दोन टाक्यांचा ड्रेन एकाच हेडरला (सामाईक पाइपला) असेल तर शेजारच्या टाकीचा माल किंवा ईटीपीकडचा वायू उलटा आत येतो.

अॅजिटेटर (माल ढवळणारी फिरती पाती), पंप, स्क्रू यांना ब्रेकरवर कुलूप लावा. चावी आत जाणाऱ्याच्या खिशात असली पाहिजे, सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये नाही.

तपासा: कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून बघा. चुकीच्या मोटरच्या ब्रेकरला कुलूप लागल्याचं इथेच उघडं पडतं.

## टप्पा ४: बाहेरूनच रिकामी करा, धुवा

जितकं बाहेरून निघेल तितकं काढा. गाळ ढवळला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. शांत गाळावर घेतलेलं शून्य रीडिंग माणसाने फावडं घातल्यावर खरं राहत नाही. म्हणून गाळटाकीत आधी बाहेरून लांब दांड्याने किंवा जेटने ढवळायचं आणि मग मोजायचं.

वायनरीत जानेवारी ते मार्च गाळपाची धांदल असते. रेड वाइनच्या टाकीत उरलेला चोथा वाइन काढून घेतल्यावरही आंबत राहतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो. खालचं दार उघडून बाहेर उभं राहूनच तो ओढून काढा. दारात डोकं घालून आत वाकणं हेसुद्धा उतरणंच आहे. श्वास नाक घेतं, पाय कुठे आहेत याने फरक पडत नाही. याच टाक्यांबाबत आणखी एक गोष्ट: कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद टाकीत कॉस्टिक सोड्याने धुतलं तर कॉस्टिक तो वायू शोषून घेतो, आत निर्वात होतं आणि पत्रा आत चेपतो. आधी हवा खेळवा, व्हेंट उघडी ठेवा, मग कॉस्टिक.

## टप्पा ५: हवा खेळवा

मॅनहोलशी पेडस्टल पंखा ठेवणं म्हणजे व्हेंटिलेशन नाही. ब्लोअरला डक्ट (हवेची जाड नळी) लावा, डक्टचं टोक तळापासून हातभर वर सोडा आणि हवा बाहेर पडायला दुसरं तोंड उघडं ठेवा. दुसरं तोंड नसेल तर डक्ट खोलवर आणि मॅनहोलच्या एका कडेने गेला पाहिजे, नाहीतर हवा वरच्या वर फिरून बाहेर येते.

किती वेळ चालवायचा याचा हिशेब सोपा आहे. ३ मीटर व्यासाची, ४ मीटर उंच टाकी म्हणजे सुमारे २८ घनमीटर, म्हणजे १,००० घनफूट. ५०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ५०० घनफूट हवा देणारा, ब्लोअर ती दोन मिनिटांत एकदा भरतो. आतली हवा नीट बदलायला साधारण साडेसात पट हवा लागते, म्हणजे १५ मिनिटं. डक्टला वळणं असतील तर ब्लोअर पाटीवरच्या आकड्याच्या निम्मीच हवा देतो असं धरा आणि अर्धा तास चालवा. माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालूच राहील.

ब्लोअर हवा कुठून ओढतोय तेही बघा. शेजारी जनरेटर किंवा डिझेल फोर्कलिफ्ट उभी असेल तर तुम्ही आतल्या माणसाला धूर पाजताय. आत सॉल्व्हंट किंवा मिथेनची शक्यता असेल तर साधी मोटर चालणार नाही, फ्लेमप्रूफ (ठिणगीने बाहेर भडका होऊ न देणारा) किंवा दाबाच्या हवेवर चालणारा ब्लोअर घ्या.

थांबा: "हवा कमी आहे" म्हणून ऑक्सिजन सिलिंडरची नळी आत सोडू नका. ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की एका ठिणगीने अंगावरचे कपडे पेट घेतात. गॅस कटिंगची नळी आत ठेवून जेवायला जाणं हीही तीच चूक, कारण नळी गळते. सुट्टीला बाहेर येताना कटिंग टॉर्च आणि नळ्या बाहेर, सिलिंडर तर कायम बाहेरच.

## टप्पा ६: मोजा

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

डिटेक्टर मोकळ्या हवेत चालू करा, ऑक्सिजन २०.९ दाखवतो का बघा. मग बंप टेस्ट, म्हणजे ओळखीचा वायू सोडून प्रत्येक सेन्सर आणि अलार्म खरंच जागा आहे याची खात्री. हे रोज. कॅलिब्रेशनचं स्टिकर सहा महिन्यांचं आहे म्हणून आज सेन्सर चालतोय असं होत नाही. सिलिकॉनचा स्प्रे जवळपास मारला तरी ज्वलनशील वायूचा सेन्सर मरू शकतो, आणि मेलेला सेन्सर शून्यच दाखवतो.

पहिलं मोजमाप बाहेरूनच, पंप आणि नळी लावून. वर, मध्ये, तळाशी. खोल टाकीत साधारण दर सव्वा मीटरला. मिथेन हलका म्हणून वर, कार्बन मोनॉक्साइड कुठेही, जड वायू तळाशी. नळीतून हवा यायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक पातळीवर किमान दोन मिनिटं नळी हलवू नका. दोरीला डिटेक्टर बांधून खाली सोडायचा आणि लगेच वर ओढून आकडा वाचायचा, हा प्रकार सर्रास चालतो. वर येईपर्यंत स्क्रीनवर वरचीच हवा असते.

आकडे वाचायचा क्रम असा:

१. ऑक्सिजन: १९.५ ते २३.५ टक्के. हा पहिला, कारण ऑक्सिजन फार कमी असेल तर नेहमीचा ज्वलनशील वायूचा सेन्सर खोटा कमी आकडा देतो.

२. ज्वलनशील वायू: एलईएलच्या १० टक्क्यांच्या खाली. एलईएल म्हणजे हवेत ज्या किमान प्रमाणाला वायू पेट घेऊ शकतो ते प्रमाण. मिथेनचा एलईएल हवेत ५ टक्के असतो, म्हणजे ही मर्यादा अर्धा टक्का मिथेन. वेल्डिंग असेल तर शून्यच हवा.

३. हायड्रोजन सल्फाइड: १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १० भागांच्या) खाली. सडक्या अंड्याच्या वासावर भरवसा ठेवू नका. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो.

४. कार्बन मोनॉक्साइड: कायद्याची ८ तासांची सरासरी मर्यादा ५० पीपीएम. मी २५ च्या पुढे माणूस उतरवत नाही.

आता वायनरीवाल्यांसाठी, आणि आंबवण्याचं काम असलेल्या सगळ्यांसाठी. बाजारात मिळणारा नेहमीचा चार वायूंचा डिटेक्टर कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. तो फक्त ऑक्सिजन किती घटला ते दाखवतो. समजा स्क्रीनवर १९.९ आलं. अलार्म नाही, पर्मिटच्या रकान्यात आकडा बसतो, सगळे खूश. पण २०.९ चं १९.९ होण्यासाठी टाकीतली जवळजवळ ४.८ टक्के हवा दुसऱ्या वायूने हटवलेली असते. फर्मेंटेशन टाकीत तो वायू कार्बन डायऑक्साइडच. म्हणजे ४८,००० पीपीएम. ८ तासांची मर्यादा आहे ५,०००, आणि ४०,००० ला जिवाला तातडीचा धोका धरतात. डिटेक्टर बरोबर आहे, रीडिंग बरोबर आहे आणि माणूस धोक्यात आहे. म्हणून अशा टाकीसाठी कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर हवाच. तो येईपर्यंत ऑक्सिजन २०.९ च्या खाली थोडाही असेल तर उतरणं बंद आणि ब्लोअर चालू.

तपासा: पहिलं मोजमाप झाल्यावर ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवून पुन्हा मोजा. आकडे बिघडले तर आत वायू कुठून तरी येतोय. टप्पा ३ वर परत जा.

## टप्पा ७: पर्मिट टाकीच्या तोंडाशी भरा

ऑफिसात बसून भरलेलं पर्मिट हे रजिस्टरचं काम आहे. कारखाने अधिनियम १९४८ च्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम ३६ ने सांगितलेली गोष्ट मोजकी होती: सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून लेखी दिलेलं प्रमाणपत्र, नाहीतर श्वसन उपकरण आणि पट्ट्याला बांधलेली दोरी, जिचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात.

पर्मिटवर आकडे, वेळ, तीन पातळ्या, आत जाणाऱ्यांची नावं आणि संपण्याची वेळ. एक शिफ्ट, एक टाकी, एक पर्मिट. शेजारची टाकी "तशीच" आहे म्हणून तेच पर्मिट चालत नाही.

## टप्पा ८: उतरा

फुल बॉडी हार्नेस (खांद्यापासून मांड्यांपर्यंतचे पट्टे), पाठीवरच्या कडीला दोर, दोर ट्रायपॉडच्या विंचला (दोर गुंडाळणाऱ्या हातचरखीला). कमरेचा पट्टा नको. त्याने बेशुद्ध माणूस मधोमध दुमडतो आणि मॅनहोलमधून निघत नाही. अॅजिटेटरच्या पात्यांत दोर अडकणार असेल तर आधी वाट ठरवा.

डिटेक्टर छातीवर, नाकापासून हातभर अंतरात. खिशात नाही. आतला दिवा २४ व्होल्टचा. २३० चा हॅलोजन ओल्या स्टीलच्या टाकीत नेऊ नये. कार्ट्रिज मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. ओला रुमाल आणि एन-९५ यांचा इथे काडीचाही उपयोग नाही.

आत इपॉक्सी, थिनर किंवा वॉटरप्रूफिंगचं रसायन लावायचं असेल तर हवा बिघडवणारं कामच तुम्ही आत नेताय. सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांत हेच होतं: धुताना सगळं ठीक, कोटिंगच्या दिवशी माणूस गरगरतो. अशा वेळी मोजणं सतत, दर पंधरा मिनिटांनी आकडा कागदावर.

एप्रिल-मेमध्ये उन्हातल्या स्टीलच्या टाकीत काम सकाळी लवकर उरका. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं सावलीत, पाणी हाताशी. घाम थांबला, बोलणं तुटक झालं की वर घ्या.

थांबा: सगळे अर्ध्या तासाहून जास्त बाहेर राहिले, ब्लोअर बंद पडला किंवा वीज गेली, तर टप्पा ६ पुन्हा. अलार्म वाजला की आधी बाहेर. कारण शोधायचं ते बाहेर आल्यावर.

## टप्पा ९: कोसळला तर

बंदिस्त जागेत एकामागून एक दोन-तीन जण जातात, ते बहुतेक पहिल्याला वाचवायला उतरलेले असतात. सख्खा भाऊ किंवा गाववाला आत असेल तर बाहेरचा माणूस विचार करत नाही, उडी मारतो. म्हणून एकाच घरातले दोघं एक आत, एक तोंडाशी असे लावू नका.

तोंडाशी उभा असलेल्याने करायचं ते एवढंच: हाक, विंच फिरवून वर ओढणं, ब्लोअर चालू आहे ना बघणं. माणूस वर येईना तर श्वसन उपकरण घालायचा सराव असलेला माणूसच आत जाईल, तोही दोराला बांधून. उपकरण पाठीवर घेऊन तो मॅनहोलमधून जातो का, हे आधीच बघून ठेवा. १०१ आणि १०८ लगेच, पण मेंदू ऑक्सिजनशिवाय चार-पाच मिनिटांपलीकडे सुखरूप राहत नाही आणि सिन्नरजवळच्या मुसळगावला गाडी तेवढ्यात पोचत नाही. वाचवायचं ते जागेवर असलेल्या विंचनेच.

महिन्यातून एकदा वाळूच्या पोत्यांचा ७० किलोचा पुतळा हार्नेसला बांधून वर काढून बघा. ट्रायपॉडचा पाय घसरतो, विंचचा गिअर गंजलेला असतो, दोर चार मीटर कमी पडतो. हे सगळं पोत्यावर कळलेलं बरं.

## टप्पा १०: बंद करा

नावं आणि माणसं जुळवा. हत्यारं मोजा, आत राहिलेला पाना उद्या अॅजिटेटर तोडतो. मॅनहोल बंद झाल्यावर ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं. आंधळ्या पट्ट्या सगळ्या निघाल्या का, हे टप्पा ३ च्या चित्रावर टिक करून बघा. पर्मिटवर बंद केल्याची वेळ आणि सही, आणि आत असताना आकडे कधी हलले असतील तर कितीपर्यंत गेले तेही लिहा. पुढच्या वेळी तीच टाकी उघडणाऱ्याला ब्लोअर किती वेळ चालवायचा ते त्यावरून ठरवता येतं.